कमलाबाईंनी शोधलं काय?



तुमच्यापैकी कुणाची पेट झाली असेल, कुणाची मुलाखत व्हायची असेल, कुणी अजून विषयाच्या शोधात असेल. एरवी मी इथे आराखडा कसा लिहायचा, संदर्भ कसे नोंदवायचे असल्या कामाच्या गोष्टी लिहिते. आज थोडं वेगळं. आज टीका करायची आहे, आणि ती एका गोष्टीवर. ही गोष्ट मी स्वतः निदान पाच-सहा वेळा टाळ्या घेत सांगितली आहे, म्हणून टीकेत मीही आलेच.

प्रसंग असा. २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता 'रसायनशास्त्रातील स्त्रिया'. मी बारामतीहून एस.टी.ने गेले. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी असं करत पोचेपर्यंत भाषण मनात पक्कं झालं होतं. मेरी क्युरीपासून सुरुवात करायची आणि शेवट कमला सोहोनींवर.

कमलाबाईंची गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली हुशार मुलगी, कमला भागवत. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, तेव्हा हिनेही तिथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. ही गप्प बसली नाही. थेट रामन यांच्यासमोर उभी राहिली, सत्याग्रहाची भाषा बोलली आणि शेवटी अटींवर प्रवेश मिळवला. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, काम पसंत पडलं तरच पुढचं. काम पसंत पडलं. पुढे केंब्रिज, १९३९ मध्ये पीएच.डी.

मुलं मन लावून ऐकत होती. रामन यांच्याच शोधाच्या दिवशी रामन यांचीच ही गोष्ट सांगताना मलाही जरा मजा वाटत होती. शेवटी प्रश्नोत्तरं. दुसऱ्या रांगेतली, आठवीतली असेल, एक मुलगी उठली.

"ताई, मग आत गेल्यावर त्यांनी काय केलं?"

"पीएच.डी. केली."

"म्हणजे शोधलं काय?"

मी म्हणाले, "बायोकेमिस्ट्रीमध्ये, म्हणजे जीवरसायनशास्त्रात मोठं काम केलं." ती "बरं" म्हणाली आणि खाली बसली. त्या 'बरं'मध्ये सगळं आलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते तिला कळलं होतं.

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. माझा पीएच.डी.चा विषय कडधान्यांतली प्रथिनं. माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या संदर्भयादीत एक नोंद कधीची पडून होती : सोहोनी आणि आंबे, १९५५. दुसऱ्या कुणाच्या तरी यादीतून ती मी तशीच उचलली होती. मूळ निबंध उघडलासुद्धा नव्हता. परतीच्या एस.टी.त मोबाईलवर कमलाबाईंचं काम शोधत बसले, तेव्हा कळलं की त्या यादीतले सोहोनी म्हणजे मघाशी भिंतीवरच्या तक्त्यात होत्या त्याच बाई. एकीकडे मी त्यांच्या नावाने भाषण देत होते, दुसरीकडे त्यांचं काम न वाचता वापरत होते, आणि दोन्ही एकच व्यक्ती आहे हे मला माहीत नव्हतं.

हे माझं अज्ञान आहेच. पण हे अज्ञान तयार व्हायला आपण गोष्टी सांगतो ती पद्धतही कारणीभूत आहे. या लेखाचा मुद्दा तोच.

आधी काम बघू

कमलाबाईंच्या कामातल्या तीन गोष्टी घेऊ. तिन्ही स्वयंपाकघरात समजावून सांगता येतात.

पहिली बंगळूरची. तिथे त्या एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली काम करत होत्या. १९३५ मध्ये दोघांच्या नावाने 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये कडधान्यांतल्या प्रथिनेतर नायट्रोजनवर निबंध आला. शब्द जड आहे, प्रश्न सोपा आहे. डाळीत प्रथिन किती, हे आपण थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजतो आणि त्याला ६.२५ ने गुणतो. पण डाळीतला सगळाच नायट्रोजन प्रथिनात नसतो. मग प्रथिनात नसलेला नायट्रोजन किती आणि कुठल्या रूपात? हे कळल्याशिवाय डाळीच्या पोषणमूल्याचा आकडा भरवशाचा नाही. आपल्या भागात दूध संकलन केंद्र नसलेलं गाव सापडणार नाही, तेव्हा हे तुम्हाला पटकन कळेल. दुधात युरिया मिसळणारा माणूस याच फटीचा फायदा घेतो. युरियात नायट्रोजन आहे, प्रथिन नाही, आणि वरवरचं मोजमाप फसतं.

दुसरी केंब्रिजची. तिथे त्या आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करत होत्या. नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना 'हिल रिअ‍ॅक्शन' पाठ असते, तेच हे हिल. श्वसनात पेशी अन्नातून इलेक्ट्रॉन काढते आणि टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोचवते. या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा म्हणजे सायटोक्रोम. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये तो कीटकांत आणि यीस्टमध्ये दाखवला होता. वनस्पतींचं काय? बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो, म्हणजे त्यातलं एक विकर ऑक्सिजन वापरतं. मग वनस्पतींचं श्वसन त्याच विकरावर चालतं की प्राण्यांसारखी साखळी त्यांच्यातही आहे, यावर वाद होता. कमलाबाईंना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडलं, आणि सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर हिल आणि त्यांचा निबंध १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये आला. थोडक्यात, बटाट्याचं झाड आणि आपण एकाच पद्धतीचा श्वास घेतो, या समजुतीच्या पायात त्यांच्या हातची वीट आहे.

तिसरी मुंबईची. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेनंतर त्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. तिथे त्यांनी पुन्हा कडधान्यं हातात घेतली. वाल आणि डबल बी या दोन्हींत एक पदार्थ असतो, तो आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या विकराला घट्ट धरून बसतो. ट्रिप्सिन अडकलं की प्रथिनांचं पचन अडलं. हे अवरोधक पदार्थ त्यांनी आणि आंबे यांनी स्फटिकरूपात वेगळे केले. स्फटिक मिळणं म्हणजे त्या काळी शुद्धतेचा दाखलाच. सोयाबीनमधला असाच पदार्थ कुनिट्झ यांनी दहाएक वर्षांपूर्वी स्फटिकरूपात मिळवला होता. हाच तो 'नेचर'मधला १९५५ चा निबंध, माझ्या यादीत धूळ खात पडलेला. उष्णतेने हे अवरोधक बरेचसे निकामी होतात. कच्चे वाल बाधतात आणि नीट शिजवलेली उसळ बाधत नाही, यामागच्या कारणांपैकी हे एक.

आता सांगा, त्या आठवीतल्या मुलीला यातलं काय कळलं नसतं? उसळ, चिरलेला बटाटा, डेअरीचं दूध. सगळं तिच्या घरचं आहे.

गोष्टीत काय चुकतं?

माझी टीका तीन मुद्द्यांवर आहे.

एक, ही गोष्ट दारात सुरू होते आणि दारातच संपते. नायिका आत गेली की पडदा पडतो. त्यामुळे कमलाबाईंच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्तृत्व म्हणजे रामन यांनी त्यांना आत घेतलं, असा अर्थ निघतो. म्हणजे स्त्रीच्या गोष्टीतही कर्ता पुरुषच. त्यांच्या थोरल्या बहिणीशी तुलना करून बघा. दुर्गा भागवतांबद्दल बोलताना आपण त्यांची पुस्तकं काढतो, त्यातल्या मतांवर भांडतो. कमलाबाईंच्या बाबतीत आपण फक्त आठवणी सांगतो. दुर्गाबाई आपल्यासाठी लेखिका आहेत, कमलाबाई मात्र एक प्रसंग होऊन राहिल्या आहेत.

दोन, 'पहिली' या शब्दाची घाई. कमलाबाई विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असं आपण लिहितो. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली होती. असीमा चटर्जी यांना १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली, ती भारतीय विद्यापीठाकडून विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री म्हणून सांगितली जाते. म्हणजे पीएच.डी. की डॉक्टरेट, भारतातली की परदेशातली, यावर 'पहिली' बदलते. तिघींपैकी कुणीच यामुळे लहान होत नाही. पण आपण पहिल्या क्रमांकावरच भांडत बसलो तर दुसरी, तिसरी, दहावी कुणाला आठवणार? विज्ञान तर त्या दहावीवरही उभं असतं.

तीन, गोष्टीत खलनायक एकच हवा असतो. इथे बंगळूर वाईट आणि केंब्रिज चांगलं अशी वाटणी होते. प्रत्यक्षात काय होतं? केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदव्या द्यायला सुरुवात केली १९४८ मध्ये. त्याआधी स्त्रियांना मिळे ती पदवी नावापुरती, विद्यापीठाच्या कारभारात त्यांना मत नव्हतं. कमलाबाईंचं साल १९३९. लंडनच्या रॉयल सोसायटीने स्त्रियांना सदस्य करून घेतलं १९४५ मध्ये. त्या पहिल्या दोघींपैकी एक मार्जरी स्टीफन्सन. त्या केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्र विभागातल्याच, जिथे कमलाबाई शिकल्या. तेव्हा रामन यांची चूक चूकच आहे, पण ती एका माणसाच्या स्वभावाची चूक म्हणून सांगितली की सगळी व्यवस्था सुटते. आणि आपणही सुटतो.

'अवघ्या चौदा महिन्यांत पीएच.डी., प्रबंध फक्त चाळीसेक पानांचा' ही माहितीही सगळीकडे फिरते. ऐकून आपल्याला हेवा वाटतो. पण त्याआधी बंगळूरला घासलेली वर्षं कोण मोजणार? चौदा महिन्यांचा चमत्कार सांगितला की मेहनत दिसेनाशी होते, आणि चौथ्या वर्षात अडकलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांना उगाच कमीपणा वाटतो.

हे जुनंच आहे

आधुनिक रसायनशास्त्राच्या जन्मापासून हे असंच चालत आलं आहे. लाव्हाझिएने जुना फ्लॉजिस्टनवाद मोडला आणि ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी संयोग हे सांगितलं. हे आपण अकरावीत शिकतो. त्यांची पत्नी मारी-आन पोल्झ 'मदत करायची' एवढंच आपण ऐकतो. ही मदत काय होती? फ्लॉजिस्टनच्या बाजूने लिहिणाऱ्या किरवानचं इंग्रजी पुस्तक तिने फ्रेंचमध्ये आणलं, ते १७८८ मध्ये निघालं, आणि त्यात तिने स्वतःच्या टीपाही घातल्या. १७८९ च्या लाव्हाझिएच्या प्रसिद्ध ग्रंथातले उपकरणांचे १३ चित्रफलक तिचे. त्या चित्रांवरून दुसऱ्याला उपकरण बांधता यावं इतकी ती नेमकी आहेत. श्वसनाच्या प्रयोगांची तिने काढलेली चित्रंही आहेत. त्यांत एका बाजूला मेजाशी बसून नोंदी करणारी एक स्त्री दिसते. ती ती स्वतःच. तिने स्वतःला चित्रात घेतलं, आपण मजकुरातून काढलं.

१७९४ मध्ये एलिझाबेथ फुलहेम या बाईंनी ज्वलनावर पुस्तक लिहिलं. सुरुवात झाली कापडावर सोनं-चांदी चढवता येईल का या प्रश्नापासून. म्हणजे आपल्या जरीसारखंच काहीतरी, पण रसायनाने. धातूंच्या क्षारांचं क्षपण करताना त्यांच्या लक्षात आलं की या क्रियांमध्ये पाणी लागतं, ते क्रियेत भाग घेतं आणि शेवटी पुन्हा तयार होतं. आज आपण ज्याला उत्प्रेरण म्हणतो त्या विचाराची ही फार लवकरची पावलं. त्यांनी लाव्हाझिएचं बरंच मान्य केलं, पण जिथे पटलं नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं. फिलाडेल्फियाच्या केमिकल सोसायटीने त्यांना मानद सदस्यही केलं. आपल्या पाठ्यपुस्तकात उत्प्रेरणाच्या धड्यात त्यांचं नाव मला सापडलेलं नाही.

लक्षात येतंय का? ज्वलन, मग श्वसन म्हणजे मंद ज्वलन, मग पेशीतलं ते मंद ज्वलन चालवणारी विकरं. लाव्हाझिएच्या घरातल्या त्या मेजापासून केंब्रिजच्या बटाट्यापर्यंत एकच प्रश्न दीडशे वर्षं चालत आला आहे, आणि त्यात या तिघी जागोजागी आहेत. 'रसायनशास्त्रातील स्त्रिया' असा वेगळा तक्ता लावला की त्या एका भिंतीवर जातात आणि रसायनशास्त्र दुसऱ्या भिंतीवर राहतं. माझी खरी तक्रार ही आहे. त्यांना विषयाच्या धड्यातच आणा.

पण दाराची गोष्ट सोडायची का?

नाही. इथे मला स्वतःशीच थोडं भांडावं लागतं.

माझ्या बरोबरच्या मुलींपैकी कितीतरी एम.एस्सी.ला थांबल्या, आणि त्यांचे गुण माझ्याहून कमी नव्हते. कुणाला संध्याकाळी सातनंतर प्रयोगशाळेत थांबायची घरून परवानगी नव्हती, कुणाची शेवटची एस.टी. साडेसहाची. विकराचा प्रयोग घड्याळ बघून संपत नाही. दार अजून पूर्ण उघडलेलं नाही, तेव्हा दाराची गोष्ट सांगावीच लागेल. गावाकडच्या मुलीला 'नाही' ऐकल्यावर उभं कसं राहायचं, हे कमलाबाईंकडून शिकता येतं.

फक्त ती तिथेच संपवू नका. आत काय मजा आहे ते सांगितलंच नाही, तर कुणी दारात कशाला भांडेल?

पुणे–सोलापूर रस्त्याने जाताना नीरा विक्री केंद्राची पाटी दिसते. आपल्याकडे नीरा म्हटलं की आधी नदी आठवते, मग डावा कालवा, मग ऊस. ताडा-शिंदीची ती गोड नीरा शेवटी. कमलाबाईंनी त्या नीरेवरही काम केलं. तिची सुचवणी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांची. नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह यांचा अभ्यास झाला आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर फरक पडतो हे दिसलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे १९६६ मध्ये मुंबईत ग्राहकांसाठी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत त्या होत्या. भेसळ कशी ओळखावी हे त्या 'कीमत' या तिच्या मासिकात लिहीत. ही बाई १९९८ पर्यंत आपल्यात होती. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या तरुणपणी त्या मुंबईत हयात होत्या, आणि आपण त्यांना इतिहासातल्या तक्त्यावरून ओळखतो.

तुमच्यासाठी तीन कामं

लेख नुसता टीकेवर संपवणं मला आवडत नाही, म्हणून ही तीन कामं.

संदर्भयादीत एकही निबंध न उघडता टाकू नका. निदान सारांश, आकृत्या आणि आभार वाचा. आभारांत बऱ्याचदा असं कुणीतरी असतं ज्याचं नाव वर असायला हवं होतं.

स्त्री संशोधकांचं काम शोधताना सगळी नावं घालून बघा. कमलाबाईंचे १९४७ च्या लग्नाआधीचे निबंध 'के. भागवत' नावाने आहेत. रोमन लिपीत त्या निबंधांवर 'भागवत'मधला 'व' व्ही अक्षराने लिहिला आहे, चरित्रांत डब्ल्यूने. नंतरचे निबंध 'के. सोहोनी'. संगणकाच्या लेखी या तीन वेगळ्या बायका आहेत. १९३५ ची कडधान्यं आणि १९५५ ची कडधान्यं एकाच डोक्यातून आली, हे शोधयंत्र तुम्हाला सांगणार नाही.

आणि स्वतःचा ऑर्किड क्रमांक आजच काढा. फुकट आहे, दहा मिनिटांचं काम. नाव बदललं, संस्था बदलली तरी तुमचं काम तुमच्या नावाखाली राहतं.

हे शेवटचं मी स्वतःलाही सांगते आहे. पुढच्या वर्षी माझं लग्न आहे. घरी आईने सहज विचारलं, "आता नाव बदलणार, तर तुझे ते पेपर कुणाच्या नावावर राहतील गं?" आईची शाळा सातवीपर्यंत. हा प्रश्न मला एवढ्या वर्षांत एकाही चर्चासत्रात कुणी विचारला नव्हता. मी तिला कमलाबाईंची गोष्ट सांगितली. रामन यांची नाही, भागवत आणि सोहोनींची. ती म्हणाली, "मग जुनंच ठेव." निबंधांवर जुनंच ठेवणार आहे.

त्या शाळेत पुन्हा जायचं ठरवलं आहे. या वेळी तक्ता नाही. बटाटा, सुरी आणि रात्रभर भिजवलेले वाल नेणार आहे. ती मुलगी आता नववीत असेल. तिने पुन्हा विचारलं तर या वेळी उत्तर आहे.